गारगोटीभोवतीची कड

४ मार्च

नव्या ऑफिसात आज सूक्ष्मदर्शक हाती आला. आधीचा माणूस बराच उंच असावा. खुर्ची फिरवून फिरवून माझ्या मापाची केली तेव्हा कुठे भिंगाला डोळा लागला. खिडकीतून डोंगर, म्हणजे इथला झोपलेला ज्वालामुखी, दिसतो. शेंड्यावर वाफेचा पांढरा झुपका असतो, पण इथलं कुणी त्याच्याकडे मान वर करूनही बघत नाही.

साहेबांनी पहिलं काम दिलं. डोंगराच्या वरच्या पठारावर नवं हॉस्पिटल व्हायचंय. जागा सपाट, झऱ्याचं पाणी भरपूर, रस्ताही तयार. हॉस्पिटलच्या समितीला आमच्या भूगर्भ खात्याचा अभिप्राय हवा आहे की डोंगर पुन्हा उसळण्याची भीती आहे की नाही. साहेब म्हणाले, तुमच्या कॉलेजातल्या सरांचं पुस्तक आहेच, त्यांनी गोळा केलेले दगड तळघरात आहेत. थोडे काप बघा आणि दोन पानं लिहून द्या. वर हसून म्हणाले, "तुमच्या घरचंच काम आहे म्हणा ना."

घरचंच खरं. नवरा डोळ्यांचा डॉक्टर. जुन्या हॉस्पिटलात ज्या खोलीत तो ऑपरेशन करतो तिचं छत गळतं आणि पाऊस आला की पेशंटना पुढची तारीख द्यावी लागते. तो या बेटावर आधी आला, मी आत्ता. नवं हॉस्पिटल हा आमच्या जेवणाच्या टेबलावरचा रोजचा विषय आहे. ऑपरेशनच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला हवी इथपर्यंत त्याचं ठरलंय.

ऑफिसच्या कागदांवर जे लिहिता येत नाही ते इथे लिहायचं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतंय.

७ मार्च

सरांकडे जाऊन आले. कॉलेजात त्यांनी मला शिकवलं, या डोंगरावर आयुष्यभर काम केलं आणि निवृत्त झाल्यावर त्याच्याच समोर घर बांधून राहिले. हॉस्पिटलच्या समितीवरही आहेत.

दार त्यांनीच उघडलं. मी समोर उभी आणि ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत "कोण?" म्हणाले. जिवाला लागलं जरा. इतकी वर्षं झाली खरी, पण मी काही इतकी बदललेली नाही. मी तोंड उघडल्यावर मात्र लगेच, "अरे, घाईबाई!" प्रश्न पुरा व्हायच्या आत मी उत्तर द्यायचे म्हणून त्यांनी ठेवलेलं नाव.

काकूंनी चहा आणला आणि कपाचा कान बरोबर सरांच्या बोटांकडे वळवून कप त्यांच्या हातात दिला. या वयातही एवढे लाड! हॉस्पिटलच्या अभिप्रायाबद्दल सांगितलं आणि विचारलं, काप घेऊन येऊ का बघायला. त्यांचा सूक्ष्मदर्शक खिडकीपाशी अजून तसाच आहे, वर विणलेलं कापड घातलेलं. सरांनी चहा संपवला. मग म्हणाले, "आण. पण मी बघणार नाही. तू बघायचं आणि मला सांगायचं."

"परीक्षा घेताय का, सर?"

"तसं समज."

घरी येऊन नवऱ्याला कपाची गंमत सांगितली. तो हसला नाही. भात चिवडत राहिला आणि म्हणाला, सर म्हणतील तसं कर.

१२ मार्च

तळघरातले दगड वर आणले. प्रत्येकावर सरांच्या बारीक अक्षरातला आकडा. त्यांचे काप करायला दिले, म्हणजे दगडाची चकती कापून ती उजेड आरपार जाईपर्यंत घासायची. काचेच्या पट्टीवर चिकटवलेला असा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काळाकुट्ट दगडसुद्धा रंगीत काचेच्या खिडकीसारखा दिसतो. एवढ्या वर्षांनीही मला दर वेळी गुदगुल्या होतात.

सरांचं म्हणणं थोडक्यात लिहून ठेवते, म्हणजे डोकं साफ राहील. समुद्राचा तळ आमच्या बेटांच्या रांगेखाली घसरत आत जातो आणि सोबत पाणी नेतो. त्या पाण्यामुळे खालचा तापलेला खडक थोडा वितळतो. तो शिलारस वर चढतो आणि डोंगराखाली एका कोठीत अडकून निवू लागतो. आधी जड स्फटिक तयार होऊन तळाशी बसतात, त्यांच्यासोबत लोह जातं. उरलेला रस सिलिकाने दाट आणि फिकट होत जातो. म्हणून किनाऱ्यावरचा सगळ्यात जुना लाव्हा काळा बेसाल्ट, मधला करडा अँडेसाइट आणि शेंड्याजवळचा शेवटचा फिकट डेसाइट. एकच कोठी, एकदाच भरलेली, हळूहळू म्हातारी होत गेलेली. पुस्तकाचं शेवटचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं: आता खाली उरलं असेल ते फुटण्याइतकं पातळ नाही.

म्हणजे हॉस्पिटल बांधायला हरकत नाही. दोन पानं पुष्कळ झाली.

१६ मार्च

परीक्षेत नापास.

सरांकडे करड्या दगडाचा काप लावला आणि सुरुवात केली, "प्लॅजिओक्लेज आहे, पायरॉक्सिन आहे…" त्यांनी हात वर केला. "नावं मला पाठ आहेत. काय दिसतंय ते सांग."

"पांढऱ्या लांबट वड्या, सर. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या."

"सगळ्या सारख्या?"

पुन्हा बघितलं. सारख्या नव्हत्या. काही स्वच्छ होत्या. काहींचं पोट गढूळ, वाळवीने खाल्ल्यासारखं भोकाभोकांचं, आणि त्याभोवती परत स्वच्छ काचेसारखी चौकट. मी असे हजारो पाहिलेत, पण शब्दांत कधी सांगितलेले नाहीत. सांगायला लागले तर संपेचना. किती रुंद चौकट, गढूळपणा मधोमध की कडेला, भोकं गोल की लांबट. सर डोळे मिटून ऐकत होते. दुपार संपली तरी एका कापाचा कोपराच झाला.

निघताना त्यांनी चिडूनच विचारलं, मधे ती खुर्ची कुणी ठेवली. मीच सरकवली होती बसायला. त्यांच्या घरात वस्तू जागच्या जागी लागतात, विसरले होते.

२१ मार्च

धुवायच्या कपड्यांत नवऱ्याला माझ्या खिशातून परत दोन दगड सापडले. मशीनचं पातं वाकलं तर तूच दुरुस्त करायचंस, असा हुकूम सुटलाय.

२७ मार्च

आज जे दिसलं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

करड्या दगडाचाच दुसरा काप. एका टोकाला ऑलिव्हिन: भेगाळलेला, निळ्या-गुलाबी झगमगीत रंगांचा. ओळखायला अगदी सोपा, तापलेल्या काळ्या रसात जन्मणारा स्फटिक. आणि त्याच्यापासून नखभर अंतरावर गारगोटीचा दाणा, म्हणजे क्वार्ट्झ. तो फक्त दाट, फिकट, निवत आलेल्या रसातच तयार होतो. हे दोघं एका रसात जन्मूच शकत नाहीत. कोठी एकच असेल तर हे एका दगडात कसे?

सरांना सांगितलं. ते ताडकन म्हणाले, "चुकतेयस. पुन्हा बघ."

पुन्हा बघितलं. कॉलेजात याच आवाजाने माझी बोबडी वळायची. पण गारगोटी ती गारगोटीच. तसं सांगितलं.

मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तिची कड कशी आहे?"

कड गोलसर होती, विरघळत आल्यासारखी. आणि तिच्याभोवती बारीक फिकट हिरव्या सुयांची झालर, सगळ्या सुया बाहेरून आत टोचल्यासारख्या. मी ते सगळं बोलले. मी म्हटलं, जणू कुणी गार दाणा कढत रसात टाकला, तो वितळायला लागला आणि त्याच्याभोवती दुसरंच काहीतरी जमलं.

"जणू नको," सर म्हणाले. "टाकलाय की नाही?"

"टाकलाय, सर."

ते उठून भिंतीच्या कडेकडेने आत गेले. बाहेर आलेच नाहीत. काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. त्यांचे डोळे लाल वाटले. मी विचारलं, सर रागावले का? काकू म्हणाल्या, "रागावले असते तर बरं झालं असतं."

याचा अर्थ काय घ्यायचा?

३ एप्रिल

तळघरातून आणखी दगड काढले. ज्यात गारगोटी आणि ऑलिव्हिन एकत्र नांदतात असे एक-दोन नव्हे, मधल्या करड्या लाव्ह्यांतले जवळजवळ सगळेच. म्हणजे करडा दगड हा काळ्याचं म्हातारपण नाही. काळा आणि फिकट असे दोन वेगळे रस खाली कुठेतरी भेटले, त्यांची ती मिसळ आहे.

असं असेल तर खाली बसलेला दाट रस म्हातारा झाला म्हणून गप्प राहील असं नाही. खालून ताजा, कढत रस आत शिरला की तो परत सैल होणार, त्यातली वाफ सुटणार.

साहेबांना अर्धवट सांगून पाहिलं. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, सरांशी बोला. सर हो म्हणाले तर माझी हरकत नाही. हा त्यांचा सगळ्याच प्रश्नांवरचा तोडगा आहे.

१० एप्रिल

सरांनी बोलावलं. मला वाटलं खरडपट्टी. उलट टेबलावर जाड पुठ्ठा, त्यावर मोठा कागद आणि काकूंच्या शिवणाच्या डबीतल्या टाचण्या मांडलेल्या होत्या.

म्हणाले, पुस्तकातल्या कोष्टकातले आकडे वाच. प्रत्येक दगडात सिलिका किती, लोह किती, आणि त्या त्या जागी टाचणी टोच. पुस्तकात तोच आलेख छापलेला आहे, तो बघा म्हटलं तर म्हणाले, छापलेला नको. सरांना जुन्या पद्धतींचं भारी वेड. कॉलेजातही ते कॅलक्युलेटर वापरू द्यायचे नाहीत.

टाचण्या टोचून झाल्यावर त्यांनी पुठ्ठा जवळ ओढला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. सावकाश, एकेका टाचणीच्या डोक्यावरून. मग परत उलटं. पुस्तकातल्या आलेखात त्यांनी या ठिपक्यांमधून छान वळणदार रेघ काढली आहे. एकाच रसातून स्फटिक बाहेर पडत गेले तर अशी वळणदार रेघच यायला हवी, कारण आधी एक खनिज बाहेर पडतं, मग दुसरं. दोन रस मिसळले तर मात्र सगळे ठिपके त्या दोघांमधल्या सरळ रेघेवर येतात.

"सरळ आहे," सर म्हणाले.

मी पुस्तक मिटलं.

"वळण यायला हवं होतं, म्हणून मी वळण काढलं." मग जरा थांबून, अगदी वर्गातल्या आवाजात त्यांनी विचारलं, "पुढचा प्रश्न काय, घाईबाई?"

आणि मी, आश्चर्य म्हणजे, लगेच उत्तर दिलं नाही. चहा गार होईपर्यंत विचार केला. मग म्हटलं, दोन रस भेटले तेव्हापासून डोंगर उसळेपर्यंत किती वेळ गेला, हा प्रश्न.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला एकदम वीस वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

१९ एप्रिल

वेळ कसा मोजायचा ते सापडलं. ऑलिव्हिन दुसऱ्या रसात पडला की बाहेरचं लोह त्याच्या कडेतून हळूहळू आत मुरू लागतं, कापडावर सांडलेली शाई पसरावी तसं. डोंगर उसळून लाव्हा गार झाला की मुरणं थांबतं. कड किती आत मुरली आहे ते नीट मोजलं तर भेटीपासून स्फोटापर्यंतचा काळ कळतो. इथे त्याचं यंत्र नाही. शेवटच्या तीन लाव्ह्यांचे काप मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले.

साहेबांनी पाठवायच्या कागदावर सही करताना विचारलं, दोन पानं कधी मिळतील?

२ मे

घरी भांडण. सरळ सांगितलं नवऱ्याला की मी पठाराला बिनधोक म्हणू शकेन असं दिसत नाही.

त्याने आधी शांतपणे विचारलं, कधी उसळेल? मी म्हटलं, माहीत नाही. कदाचित आपल्या हयातीत नाही, कदाचित दहा पिढ्या नाही, कदाचित पुढच्या वर्षी.

"हे तू लिहून देणार?"

"हेच खरं आहे."

"आज एक बाई परत पाठवली. खोलीत पाणी आलं होतं म्हणून. तिला नातवाचा चेहरा बघायचाय. तिला काय सांगू, दहा पिढ्या थांबा?"

त्याचं चूक नाही, यातच सगळी गोची आहे.

६ मे

आज जे पाहिलं त्याने झोप उडणार आहे. नवऱ्याचा डबा घरी राहिला म्हणून हॉस्पिटलात गेले, तर त्याच्या खोलीतून सर आणि काकू बाहेर पडत होते. काकूंनी सरांचा दंड घट्ट धरलेला. मी आवाज देईपर्यंत सरांनी मला ओळखही दाखवली नाही. माझा आवाज ऐकून दचकले. काकू काहीतरी पुटपुटल्या आणि दोघं निघून गेले.

आत जाऊन विचारलं, सर इथे कशाला? नवरा टेबलावरचे कागद आवरत म्हणाला, "मी तुला सांगू शकत नाही."

"हॉस्पिटलच्या जागेबद्दल बोलत होतात?"

"सांगू शकत नाही म्हटलं ना."

म्हणजे तेच. समितीत सरांचं मत सगळ्यात वजनदार, आणि डोळे दाखवायला येणं हे निमित्त तर फारच सोयीचं. सरांनी सरळ रेघ मान्य केली ती माझ्यासमोर. पाठीमागे काय ठरतंय कोण जाणे.

७ मे

अबोला. त्याने माझ्या खिशातले दगड खिडकीत एका ओळीत मांडून ठेवले होते. मी ते तसेच ठेवले.

१५ मे

सरांकडे गेले नाही आठवडाभर. आज काकूंचा फोन. "अगं, ते रोज विचारतात. त्यांचा दिवस जात नाही." मी कामाचं निमित्त सांगितलं. काकू म्हणाल्या, "तू बोलतेस तेव्हा ते बघत असतात. एवढं लक्षात ठेव."

काकूंचं बोलणं हल्ली कोड्यासारखं झालंय. तरी संध्याकाळी गेले. सर अंगणात, स्वेटर उलटा घालून बसले होते. सांगावंसं वाटलं, पण राहून गेलं.

शेंड्याजवळच्या फिकट दगडाचा काप लावला. सरांना वाटत होतं निदान हा तरी भेसळ नसलेला असेल. त्यातही होता एक ऑलिव्हिन, एकटाच, भोवती काळपट कड, जसा परक्या गावात चुकून उतरलेला माणूस. तसंच वर्णन केलं. सर खळखळून हसले. मी त्यांना हसताना कॉलेजातही पाहिलं नव्हतं. भांडायला म्हणून गेले होते ते विसरून आम्ही अंधार पडेपर्यंत त्या एका दाण्याबद्दल बोलत बसलो. खोलीत दिवा लावायचं कुणालाच सुचलं नाही. मला काप दिसेना तेव्हा मीच उठून बटण दाबलं.

४ जून

प्रयोगशाळेचे आकडे आले. तीनही लाव्हे एकच सांगतात. दोन रस भेटले आणि डोंगर उसळला यांत काही महिनेच गेले. शेवटच्या, फिकट लाव्ह्यात तर काही आठवडेच. जो दाट रस शेकडो वर्षं शांत पडून होता त्याला उठायला एवढाच वेळ लागला.

म्हणजे डोंगर आधी हादऱ्यांनी सूचना देईल, पण अंथरुणाला खिळलेले पेशंट खाली आणायला, एकाच रस्त्यावरून, ती पुरेल का हे कुणी सांगू शकत नाही.

सरांना फोनवर आकडे वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "समितीत तू बोल. मी येतोच आहे."

समितीत ते माझ्या बाजूने बोलतील का हे विचारायचं धाडस झालं नाही. एखाद्याने आयुष्य घालवून लिहिलेलं पुस्तक त्यानेच चारचौघांत खोटं ठरवावं, अशी अपेक्षा तरी कशी करायची?

११ जून

समितीची बैठक. आजच लिहायला हवं.

गावसभेचं लांबट सभागृह. अध्यक्षबाई मधोमध, शेजारी सर आणि काकू, पलीकडे साहेब. मागच्या ओळीत हॉस्पिटलचे लोक, त्यांत नवरा. मी गारगोटीभोवतीच्या हिरव्या कडेचा मोठा फोटो नेला होता. तो हातोहात फिरवला आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. दोन रस, सरळ रेघ, काही आठवडे.

कुणीतरी म्हणालं, एका दाण्याच्या झालरीवरून हॉस्पिटल अडवायचं का? दुसरं कुणीतरी म्हणालं, बाई नव्या आहेत. साहेबांनी घसा साफ करून सांगितलं की खात्याचं अंतिम मत अजून व्हायचंय. अध्यक्षबाईंनी तो फोटो सरांच्या हातात दिला. "तुमचं पुस्तक नेमकं याच्या उलट सांगतं. तुम्हीच बघून सांगा, सर."

सरांनी फोटो हातात धरला. अंगठ्याने त्याची कड चाचपली. मग टेबलावर पालथा ठेवला.

"मला दिसत नाही," ते म्हणाले.

अध्यक्षबाईंना वाटलं चष्मा विसरलाय. त्यांनी आपला पुढे केला.

"चष्म्याचं काम नाही हे. काचबिंदू आहे. दिसणं बरीच वर्षं जात होतं, या वर्षी उरलंसुरलं गेलं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक आंधळ्याला दगडाबद्दल विचारायचं थांबवतात." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "म्हणून हिला बोलायला लावलं. प्रत्येक दाणा, प्रत्येक कड. मी माझ्या डोळ्यांनी तीस वर्षं बघत होतो तेव्हा मला माझं पुस्तकच दिसत होतं. पठारावर हॉस्पिटल बांधू नका. आणि पुस्तकातला शेवटचा परिच्छेद मी मागे घेतो, तसं लिहून घ्या."

मला कपाचा कान आठवला, खुर्ची, टाचण्या, उलटा स्वेटर, दिवा. एवढी बारीक कड बघणारी मी, आणि समोरचा माणूस मला दिसला नाही. मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. सांगू शकत नाही म्हणाला होता, तेच खरं होतं. शब्दशः.

ठराव झाला की वरचं पठार रद्द. किनाऱ्याजवळच्या चुनखडीच्या माळाची पाहणी करायची. तिथे पाणी नाही, ते आणावं लागेल. निदान दीड-दोन वर्षं लांबणार.

बाहेर पडताना सरांना वाट द्यायला लोक बाजूला सरकत होते, गरजेपेक्षा जास्तच. काकू म्हणाल्या, "आता बघ, उद्यापासून सगळे यांच्याशी मोठ्याने बोलायला लागतील. बहिरे झाले असावेत तसे."

१२ जून

नवऱ्याची माफी मागितली. तो म्हणाला, "पेशंटचं गुपित होतं. तुझ्यावर राग नव्हता. म्हणजे होता, पण तो छताचा." मग सांगितलं की सरांनी त्याला आधीच विचारलं होतं: मी हॉस्पिटल अडवलं तर तू माझे डोळे तपासणं सोडशील का? आणि त्याने उत्तर दिलं होतं, तपासण्यासारखं फार उरलेलं नाही, पण या, गप्पा मारू.



२० जून

नवरा ऑफिसात आला. जुन्या छतावर पत्रे टाकायला मंजुरी मिळवली आहे. दोन वर्षं तशीच काढायची. त्या बाईचं ऑपरेशन काल झालं. नातू कुणावर गेलाय म्हणून ती सांगेल यावर घरात पैज लागली होती म्हणे.

मग म्हणाला, दाखव तुझी कड. त्याला खुर्चीत बसवलं, काप लावला. दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघण्यात आयुष्य चाललेला माणूस तो, भिंगातून असा बघत राहिला की मी माझी दोन पत्रं लिहून संपवली. शेवटी मान वर न करताच त्याने विचारलं, "हे फिरवलं की रंग का बदलतो?"

साहेब दारातून डोकावून गेले. नव्या माळाच्या पाहणीचं कामही माझ्याकडेच आलंय, पण या वेळी पानं किती हे सांगितलेलं नाही.

६ जुलै

सरांनी हट्ट धरला, पठारावर ने. काकूंनी गाडी चालवली आणि वर पोचल्यावर मी चढणार नाही म्हणून गाडीतच बसल्या. रस्त्यासाठी खोदलेल्या कड्याशी मी सरांना हाताला धरून नेलं. तिथे फिकट लाव्ह्यात मुठीएवढे काळे गोळे दिसतात, भिजवलेल्या पिठात गुळाचे खडे राहावेत तसे. हाच तो ताजा काळा रस. गार रसात शिरला, थिजला आणि गोळे होऊन अडकून बसला.

सरांचा हात एका गोळ्यावर ठेवला. त्यांनी दोन्ही हातांनी तो चाचपला आणि मला हे गोळे कसे दिसतात ते विचारलं. मी सांगितलं, भोवताली बारीक दाण्यांची, गुळगुळीत काळी साय असते. कढत रस एकदम गार झाला की बाहेरचा थर तसा धरतो. सगळ्यांना असते, मी गेल्या महिन्यात पाहून गेलेय.

"सगळ्यांना?" सर म्हणाले. त्यांचं बोट गोळ्याच्या वरच्या अंगाला होतं. ते माझं बोट धरून तिथे घेऊन गेले. खालून आणि बाजूंनी गुळगुळीत. वर मात्र खरखरीत, भरड. साय नव्हतीच. माझ्या डोळ्यांना दोन्हीकडे नुसतं काळं दिसत होतं.

"म्हणजे हा आधी थिजला," मी म्हटलं, "आणि नंतर तुटला."

"तोडला कुणी?"

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, मग दुसरं आलं, मग कळलं की दोन्ही पटत नाहीत. पहिली भेट झाल्यावर दुसऱ्यांदा खालून रस आला असेल? की तिसऱ्यांदा? मग ते आठवडे कुठल्या भेटीपासूनचे मोजले आपण? सर मातीत मांडी घालून बसले आणि शेजारचा गोळा चाचपू लागले. त्यालाही एका बाजूला साय नव्हती. मी तिसऱ्याला हात लावला.

खालून काकूंनी हॉर्न वाजवला. मग परत एकदा, जरा लांबवून. आम्ही उठलो नाही.